उसनं नाक

बबन शिगवणच्या पदरात त्या हंगामात काय काय पडायचं होतं, ते आधी मोजून घेऊ. लेबर कार्डावरचं ‘शेतमजूर’ जाऊन ‘मेकॅनिक’. मेकॅनिक झाला म्हणजे फॅमिली व्हिसा. व्हिसा झाला म्हणजे आखातातल्या बरकाच्या बाजारात अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, गॅसच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत खेडहून येणारी भावना, तिच्या बोटाला धरून आकांक्षा. पोर साडेतीन वर्षांची झाली होती आणि बापाला तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही रडून घर डोक्यावर घेत. एवढं सगळं मिळवायला बबननं करायचं काय, तर मार्चअखेरपर्यंत अर्बाबचे दोन ट्रॅक्टर एकही दिवस न अडता आणि एकही ठिणगी न उडता चालवून दाखवायचे. आणि एक गोष्ट लपवायची. त्याला वास येत नव्हता.

हे साल सत्त्याण्णवचं. डिझेल पाण्याच्या भावात मिळणाऱ्या मुलखात गॅसवर ट्रॅक्टर चालवणारा शहाणा बरकात एकच होता, तो म्हणजे बबनचा अर्बाब. त्याचा मूळ धंदा घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवण्याचा. दुबईच्या एका लिलावात दोन जुने अमेरिकन ट्रॅक्टर निघाले, डिझेलऐवजी प्रोपेन पिणारे. कुणी बोली लावेना, म्हणून यानं लावली. गॅस घरचा असताना ट्रॅक्टरनं परक्याचं तेल का प्यावं, हा त्याचा हिशेब. शेजारचे मळेवाले हसले. ट्रॅक्टरच्या नाकाडावर आडवी गोल टाकी होती. मळ्यावरच्या कोकणातल्या गड्यांनी ती पाहताक्षणी दोघांचं बारसं केलं: थोरला बंब आणि धाकटा बंब.

बंबात गॅस भरणं म्हणजे कॅन उपडा करणं नव्हे. मळ्याच्या कोपऱ्यात गाफच्या झाडापलीकडे मोठी टाकी होती. गाफ म्हणजे आपल्या शमीचाच वाळवंटातला भाऊ. इंजिन बंद करून त्या टाकीचा होज, म्हणजे जाड रबरी नळी, बंबाला जोडायचा आणि बंबावरचा एक बारका स्क्रू सैल सोडायचा. त्यातून आधी नुसती वाफ फुसफुसते. टाकी शंभरात ऐंशी भरली की तिथून पांढरा फवारा थुंकते. थुंकली की बंद. वरचे वीस भाग मोकळेच ठेवायचे, कारण उन्हात गॅस अंग पसरतो. बबनच्या खोलीत सात माणसं होती. अंग पसरायला गॅसइतकी जागा तिथं एकालाही नव्हती.

मग होज काढायचा आणि थांबायचं. खरं काम हेच. होज सुटताना जो गॅस बाहेर पडतो तो हवेपेक्षा जड. वर जात नाही, डबक्यासारखा चाकांशी साचून राहतो. वाऱ्यानं तो पुरता निघून जाईतो चावीला हात लावायचा नाही. गेला की नाही ते कळावं म्हणून गॅसमध्ये मुद्दाम कुजका वास घातलेला असतो, आणि तो घ्यायला देवानं माणसाला नाक दिलेलं असतं.

बबनचं नाक दिसायला चांगलं होतं, एवढंच. तीन वर्षांमागे तो हमरियातल्या गॅरेजात कामाला असताना महिनाभर तापानं पडला. ताप उतरला तो वास घेऊनच. पुढे गॅरेज सुटलं, ही नोकरी मिळाली. अर्बाबनं नाकाचं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. गुरांच्या खाद्यासाठी वाळवलेल्या तारलीचा ट्रक समुद्रावरून मळ्यात आला की सगळे तोंडाला फडकं गुंडाळायचे. बबन त्याच ट्रकच्या सावलीला बसून डबा खायचा. त्याला वाटायचं, कुणाचं लक्ष नाही.

गजेंद्र मांडवकरचं होतं.

गजेंद्र मंडणगडकडचा, बबनपेक्षा बारा वर्षांनी थोरला. ट्रॅक्टर असा चालवायचा की लसूणघासाच्या ओळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या. पट्टी-पेन्सिलीशी त्याचा संबंध तेवढाच, शाळेची पायरी तो चढला नव्हता. एका दुपारी तो बबनच्या शेजारी येऊन टेकला, नाकावर फडकं धरून.

“बबन्या, तुला वास येत न्हाय.”

“कोण म्हणतं?”

“तारली म्हंते. तिच्या मांडीवर बसून जेवतोस तू.”

बबनला हसू आलं नाही. “गजाभाऊ, अर्बाबला कळलं तर मी उद्यापासून घास कापायला.”

“मी कशाला सांगतोय? तू माजी पत्रं लिव, आलेली वाच. मी तुला नाक देतो.”

“आणि वर व्याज?”

“व्याज म्हणून अक्षर बरं काढ. मागचा लिवणारा कोंबडीचे पाय काढायचा. तिकडं वाचणारी हाफिजाभाभी नावं ठेवते.”

एकाचं नाक, दुसऱ्याचं अक्षर. दोघांनाही मनातून वाटलं, सौदा आपल्यालाच स्वस्त पडला.

तेव्हापासून रोज सकाळी एकच रीत. बबन भरायचा, होज काढायचा, सीटवर चढून चावीला हात लावून बसायचा. गजेंद्र ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारायचा, देवळाभोवती मारावी तशी, चाकापाशी गुडघ्यातून वाकत. मग बबन विचारायचा, “वास?” गजेंद्र म्हणायचा, “गेला.” आणि बबन चावी फिरवायचा. इंजिन आधी गॅसच्या नुसत्या वाफेवर चालवून गरम करायचं, मग पातळ गॅस सोडायचा आणि ट्रॅक्टर गजेंद्रच्या ताब्यात द्यायचा. दोन वर्षं झाली, “वास?” आणि “गेला” यांच्यामध्ये तिसरा शब्द कधी आला नव्हता.

पत्राची रीतही ठरलेली. गजेंद्रची बायको द्रौपदी. मूलबाळ नाही. गावी घर, एक म्हैस आणि ती. तिलाही वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ते घेऊन ती शेजारच्या मोहल्ल्यात जायची. तिथं हाफिजाभाभी, जिचा नवरा कुवेतला, आखातात गेलेल्यांच्या बायकांची सगळी पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची. म्हणजे इकडून नवरा बोलायचा तो बबनच्या हातानं, तिकडून बायको ऐकायची ती हाफिजाच्या तोंडानं. दोघांमध्ये दोघांचं म्हणून एकच होतं, गजेंद्रचा अंगठा. पत्र पुरं झालं की तो ग्रीसनं माखलेला अंगठा खाली उमटवायचा. त्या अंगठ्यावर लहानपणी लागलेल्या कोयत्याचा तिरका वळ होता. ठशातही तो उमटायचा, शेतातून गेलेल्या पायवाटेसारखा.

टपाल अर्बाबच्या पेटीत यायचं आणि गुरुवारी पिकअप घेऊन बाजाराला जाणारा बबन ते आणायचा. जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी त्यानं द्रौपदीचं पत्र सवयीनं पिकअपमध्येच फोडलं. वाचून झाल्यावर त्यानं काच खाली केली. मग पुन्हा वर केली.

द्रौपदीच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभरात मिरजेला नेऊन ऑपरेशन करा. ती म्हणत होती, ते येऊन जाऊ देत, मग मी टेबलावर जाते.

बबननं मळ्यापर्यंतच्या वाटेत हिशेब केला. गजेंद्रची सुट्टी एप्रिलात. हे पत्र वाचून दाखवलं तर तो आजच्या आज अर्बाबचे पाय धरून विमानात बसेल. मग त्याच्या जागी फेरी मारायला कोण? स्वयंपाक्या दिलशाद एक रिकामा होता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत बरकाच्या मासळीबाजारात कळलं असतं की अर्बाबच्या गॅसवाल्याला वास येत नाही. कार्ड गेलं, खोल्या गेल्या, भावना गेली. अडीच महिन्यांचा तर प्रश्न. गाठी काय, माणसं वर्षानुवर्षं बाळगतात. बबननं ओळखीची दोन माणसं आठवून काढली, गाठीसकट म्हातारी झालेली. तिसरी, गाठीनं गेलेली त्याची स्वतःची मावशी होती, तिला त्यानं मोजलंच नाही.

“काय म्हंते?” गजेंद्रनं विचारलं. गाफच्या सावलीत तो मांडी घालून, हात धुऊन बसला होता. पत्र ऐकायला तो नेहमी हात धुऊन बसायचा.

“सगळं खुशाल,” बबन म्हणाला. पत्र डोळ्यांसमोर धरून एवढंच वाचलेलं कसं दिसेल? काहीतरी घालायला हवं होतं. “म्हैस व्याली. रेडी झाली.”

“रेडी!” गजेंद्र उठून उभाच राहिला. “आगं बया! दोन सालं रिकामी होती ती. दिलशाद, ए दिलशाद! सगळ्यांना चाय! दूध ज्यादा!”

त्या दिवशी सात जणांनी न झालेल्या रेडीचा चहा प्यायला. बबननंही. गजेंद्रनं लगेच उत्तर सांगितलं: खरवस करून वाडीत वाट, हाफिजाभाभीला विसरू नको, रेडीच्या कपाळावर चांद असला तर नाव चांदी ठेव. बबन मान हलवत लिहीत होता, लिहीत मात्र होता दुसरंच. येथे काम जोरात आहे, हवा थंड आहे, तब्येत जपून असावे. खाली गजेंद्रनं अंगठा लावला, खरा, वळासकट. त्या कागदावर ‘ऑपरेशन करून घे’ हे तीन शब्द त्याच वेळी घातले असते तर गोष्ट इथंच संपली असती. बबनच्या ते डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, पण त्याला वाटलं, आजाराचं उत्तर दिलं तर आजाराची पत्रं येत राहतील.

ती तशीही आली. फेब्रुवारीत हाफिजानं लिहिलं: तुमच्या पत्रात गाठीचा शब्द नाही, मिळालं नाही की काय? पोट फुगलं आहे. ती म्हणते, ते एकदा येऊ देत. आता बबन घाबरला. हे पत्र त्यानं ट्रंकेत तळाला घातलं आणि गजेंद्रला सांगितलं, टपाल नाही. त्या संध्याकाळी गॅरेजच्या शेडमध्ये बसून त्यानं स्वतःच उत्तर लिहिलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर त्या पत्रात होतं. ‘माझी वाट बघू नको. भावाला घेऊन मिरजेला जा. ऑपरेशन करून घे. ही माझी आज्ञा समज.’ मग खाली रिकामी जागा उरली. गजेंद्रला आता अंगठा मागायचा कसा, टपाल तर आलंच नव्हतं. बबननं आपला अंगठा ग्रीसमध्ये बुडवला आणि टेकवला. अंगठा तो अंगठा, तो म्हणाला. कागदावर सगळे सारखेच दिसतात.

मार्चच्या वीस तारखेला गॅसच्या दुकानात फोन आला. गजेंद्रच्या गावाचा रिवाज असा की आजारपणाला पत्र आणि मयताला फोन. द्रौपदीच्या भावानं बाजारात जाऊन केला होता. दुकानातला पोऱ्या सांगायला आला तेव्हा गजेंद्र थोरल्या बंबावर होता. त्यानं ओळ पुरी केली. मग ट्रॅक्टर बंद करून बबनला विचारलं, “बरी होती ना रे ती? पत्रात तर बरी होती.”

“हो,” बबन म्हणाला.

अर्बाबनं तिकीट दिलं. गजेंद्र गेला. मार्च संपला, ट्रॅक्टर एकही दिवस अडले नव्हते, आणि एप्रिलात बबन मेकॅनिक झाला. उन्हाळ्यात कामं थोडी, त्यामुळे गजेंद्र नसतानाचे दिवस त्यानं निभावले. होज काढला की अर्धा तास घड्याळ लावून बसायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी फासायचा. गळती असली की बुडबुडे येतात. पण साबण लावशील तिथलंच साबण सांगतो. नाक सगळीकडचं सांगतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गजेंद्र परत आला. गावात चूल पेटवणारं कोणी उरलं नव्हतं, व्हिसा मात्र उरला होता. केस पांढरे झाले होते. बबननं त्याची पिशवी घेतली, चहा दिला, म्हणाला, “गजाभाऊ, वाईट झालं.” गजेंद्र म्हणाला, “झालं.” दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू. वास? गेला. वास? गेला. बबन हळूहळू श्वास घ्यायला लागला. भावनाचं विमान पुढच्या गुरुवारी होतं.

पाचव्या सकाळी ऊन आठालाच पेटलेलं. बबननं धाकटा बंब भरला, होज काढला, सीटवर चढला. गजेंद्रनं फेरी मारली, पुढच्या चाकापाशी वाकला, जास्त वेळ वाकला. मग वीस पावलं चालत गाफखाली गेला आणि बसला.

“वास?” बबननं विचारलं.

गजेंद्र फडक्यानं मान पुसत होता.

“गजाभाऊ? वास?”

“गेल्या गेल्या गोठ्यात गेलो,” गजेंद्र तिथूनच म्हणाला, शांतपणे. “म्हटलं, ती न्हाय तर न्हाय, तिची रेडी तरी बघू. गोठ्यात रेडी न्हाय. मी म्हैशीला विचारलं, तुजी रेडी कुठाय गो?”

बबनचा हात चावीवर होता. तो काढावा की नाही हेही त्याला कळेना.

“मंग हाफिजाभाभीकडं गेलो. तिनं तुजं पत्र दाखवलं. ते तुज्या अंगठ्याचं. माज्या प्रत्येक पत्रावर आमची ही आपला अंगठा ठेवून बघायची, माज्या ठशावर. वळ लागतो ना बोटाला, मनानं. हे पत्र आलं, तिनं अंगठा ठेवला आन् चटका बसल्यागत काढला. भाभीला म्हणाली, हा त्यांचा न्हाय. त्यांना काय तरी झालंय, लोक लपवतात. त्यांचा पत्ता लागल्याबिगर मी मिरजेला जायची न्हाय. भाऊ गाडी घेऊन आलता. दारातनं परत गेला.”

वारा पडलेला होता. लसूणघासाचं पातंही हलत नव्हतं.

“दोन सालं मी सांगन त्याच्यावर तुजा जीव होता, बबन. तू वाचशील त्याच्यावर माजा. मी एकदा तरी खोटं सांगितलं?”

“नाही.”

“आता काय सांगू? गेला म्हणू?”

बबनच्या डोळ्यांसमोर आकांक्षा होती, रडणारी, आणि ती कुणाला पाहून रडते आहे ते त्याला पहिल्यांदाच कळलं. त्यानं हात चावीवर तसाच ठेवला. तू म्हणशील ते, असा.

गजेंद्र गाफखालून उठला.

“हाय,” तो म्हणाला. “लई हाय. उतर. चावीला हात न लावता उतर.”

होजच्या कपलिंगचा, म्हणजे जोडाचा, वायसर उन्हानं चिरला होता. साबणाचं पाणी टाकल्यावर भात शिजावा तसं ते खदखदलं. बबननं मोठ्या टाकीचा वॉल्व बंद केला. गजेंद्र तोवर ट्रॅक्टरपासून चार हात लांब उभा राहून वाऱ्याची वाट पाहत होता, नेहमीसारखा.

“मला मार, गजाभाऊ,” बबन म्हणाला.

“मारून काय? तिची दोन पत्रं तुज्यापाशी असतील. आण. आन् वाच. जसं लिवलंय तसं.”

बबननं ट्रंकेतून पत्रं आणली. गजेंद्र गाफखाली मांडी घालून बसला होता. हात धुऊन. बबननं वाचलं. गाठ, मिरज, महिनाभर. आणि शेवटी हाफिजानं द्रौपदीचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते, बबननं पहिल्या वेळी घाईत वाचल्याच नव्हत्या अशा ओळी: ‘तिकडचं पाणी मचूळ म्हणता, तर कोकमं पाठवू का? नोकरी सोडून येऊ नका. पण येऊन जा. मी घाबरले नाही, तुम्ही दारात दिसलात म्हणजे झालं.’

“परत वाच,” गजेंद्र म्हणाला.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा बबनला अक्षर दिसेना.

“तुजी बायको गुरवारी येते ना? गुरवारपातूर फेरी मारतो. मंग खलास.”

आणि त्यानं मारली. चार सकाळी तो ट्रॅक्टरभोवती वाकत फिरला, आणि चारही सकाळी “गेला” म्हणाला, त्याच आवाजात. गुरुवारी बबन विमानतळावरून भावनाला आणि मुलीला घेऊन आला तेव्हा गजेंद्रची खाट रिकामी होती. वादी अदाईतल्या एका बांधकामावर अर्बाबनंच त्याला चिकटवून दिलं होतं.

नाक गेलं, आता लपवायचं कशासाठी? शनिवारी बबन स्वतःच अर्बाबपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, मला वास येत नाही, तीन वर्षांपासून येत नाही, कार्ड काढून घ्या.

अर्बाब हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, “मेरे को मालूम.”

“क्या मालूम?”

“दो साल से मालूम. मछली का ट्रक आता, सब भागता, तुम उधर बैठ के खाता. इसी वास्ते तो गजेंद्र को तुम्हारे साथ रखा. तुम्हारा हाथ अच्छा, उसका नाक अच्छा. वो गाव गया तब काम कम था, तुम घडी देख के चलाया, मैं देखता था. अभी दिलशाद को खडा करेगा. मा फी मुश्किल, कोई मुश्किल नहीं.” मग त्यानं मान वर केली. “रोता क्यों है? फॅमिली आ गया ना?”

बबन उन्हात बाहेर आला आणि पिकअपच्या सावलीत बसला. जानेवारीत पत्र वाचून दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिलशाद फेरी मारत असता, आणि द्रौपदीच्या दारात गजेंद्र. कार्ड तेव्हाही मिळालं असतं. खोल्या तेव्हाही.

आता बेरीज. अर्बाबचं काही गेलं नाही. दोन वर्षांनी त्यानं दोन्ही बंब भंगारात काढले आणि डिझेलचे ट्रॅक्टर घेतले, सगळ्या बरकासारखे. बबनला कार्ड मिळालं, खोल्या मिळाल्या, बायको आणि मुलगीही. घरातला सिलिंडर बदलला की तो भावनाला विचारायचा, “वास?” एकदा तिच्याआधी आकांक्षाच शेगडीभोवती वाकत फिरली आणि हसून ओरडली, “गेला!” तेव्हा तो जिना उतरून खाली गेला तो जेवायलाच वर आला. गजेंद्रला आता पत्र लिहून द्यायला कुणी लागत नव्हतं. लिहायचं कुणाला?

किंमत मोजली ती द्रौपदीनं, एकटीनं, पुरी. पावतीवर अंगठा बबनचा.